आपांच्या खोलीतल्या चिनी बायका

रहमतभाईंच्या फोटोच्या दुकानात शिरलेली यवतमाळातली प्रत्येक उपवर मुलगी कागदावर गोरी होऊन बाहेर पडत असे. ही करामत रहमतभाईंची नव्हती. दुकानामागच्या अंगणात उत्तरेला खिडकी असलेली एक लहानशी खोली होती, तिथं बसून त्यांची मोठी बहीण झुबेदाआपा हे काम करायच्या. दुकान रस्त्याकडे तोंड करून, मागे अंगण, अंगणाच्या एका बाजूला रहमतभाईंचं बिऱ्हाड आणि समोर आम्ही भाड्यानं राहत होतो त्या कवेलूच्या छपराच्या दोन खोल्या. आम्ही म्हणजे कचेरीत कारकून असलेले बाबा, आई, मी, माझा रांगता भाऊ आणि बाबांची धाकटी बहीण वच्छाआत्या. आत्या बाबांपेक्षा पुष्कळ लहान होती. ती तान्ही असतानाच त्यांचे आईवडील एकामागोमाग गेले आणि बाबांनी तिला लेकीसारखं वाढवलं. ती मॅट्रिक झाली तेव्हा बाबांनी सगळ्या अंगणात पेढे वाटले होते. मला हे नीट आठवतं, कारण पेढ्यांच्या पुड्याचा लाल दोरा मी पुढे कितीतरी दिवस वेणीला बांधून हिंडत होते.

सकाळी सरकी काढायच्या जीनचा भोंगा व्हायचा आणि अंगण जागं व्हायचं. कापसाच्या हंगामात हवेत इतके तंतू उडत की दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या फोटोंना ते चिकटून बसत, आणि आपा मऊ कुंचल्यानं ते एकेक करून काढत. दुकानाच्या अंधाऱ्या खोलीतून औषधाच्या पाण्याचा आंबूस वास येई, रहमतभाईंच्या चुलीवरून कांदा लाल होत आल्याचा, आणि आमच्याकडून भाजलेल्या ज्वारीच्या भाकरीचा. बाबा अंगणात दाढी करता करता कुरकुरत, की पूर्वी हुकूम नागपूरहून यायचे ते आता मुंबईहून येतात आणि कचेरीतल्या निम्म्या लोकांना ते कळत नाहीत. रविवारी आई बेसनाचे गोळे घातलेला गोळाभात करायची. त्यावर कढत तेल ओतल्याचा चर्र आवाज समोरच्या बिऱ्हाडापर्यंत जाई. मग आई एक ताटली झाकून माझ्या हाती देई आणि सांगे, आपाले देऊन ये, गरम आहे तोवर. त्या ताटलीमुळे माझा आपांच्या खोलीत प्रवेश झाला. एरवी तिथं कोणी जात नसे. रहमतभाई फोटो दाराशी ठेवून जात, आपा ते रंगवून दाराशी ठेवून देत.

आपा तेव्हा चाळिशीच्या असतील. त्यांचे यजमान लवकर वारले होते, मूलबाळ नव्हतं. उंच, सडपातळ, बोलायला सावकाश. उजव्या हाताच्या नखाला कायम गुलाबी रंग, कारण कुंचल्याचं टोक त्या नखावर पुसत. त्यांच्यासमोर उतरतं मेज असे आणि त्यात बसवलेली फोटोची काच. काचेत माणसं उलटी दिसत, काळ्या तोंडाची आणि पांढऱ्या केसांची. सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं आपा त्या काळ्या तोंडांवर बारीक बारीक टिंबं देत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घाबरून म्हणाले, की शिसं काहून लावता, पोरगी काळी होईन ना. आपा हसल्या. काचेवर जिथं शिसं लागतं तिथं उजेड अडतो, आणि कागदावर तेवढाच भाग गोरा उमटतो, असं त्यांनी मला समजावून दिलं. देवीचे वण, नाकाचा फुगवटा, डोळ्यांखालची काळी वर्तुळं असं सगळं त्या काचेवरच मिटवून टाकत. मग कागदावर रंग चढे. गालांना, ओठांना, आणि मुलीच्या वडलांनी सांगितला असेल तो रंग साडीला. दोरीवर ओळीनं वाळणाऱ्या त्या मुलींपैकी कोणती कोणाची, हे मला साडीवरूनच ओळखावं लागे. तोंडं सगळ्यांची सारखी झालेली असत.

मला त्या खोलीचा खरा नाद लागला तो मात्र एका आल्बममुळे. आपांचे वडील पोटासाठी कलकत्त्याला गेले होते आणि तिथल्या एका फोटोवाल्याकडे नोकरीला होते. आपांचं लहानपण तिकडे गेलं. शेजारी एक चिनी चांभार आणि त्याची बायको राहत. आपा त्या बायकोला चिनी मावशी म्हणत. कलकत्ता सोडताना तिनं आपांना हा आल्बम दिला. तो घडीघडीचा होता, ओढला की पेटीच्या भात्यासारखा उलगडत जाई. त्यात पार जुन्या काळच्या चिनी चित्रांच्या छापील नकला होत्या, आणि सगळ्या चित्रांत बायकाच बायका. दोघी जणी लांबलचक रेशमी कापड दोन टोकांनी धरून मागं रेलल्या होत्या. चौघी उभ्या मुसळांनी काहीतरी कांडत होत्या. एक आरशात पाहून अंबाडा घालत होती, आणि एक काहीच करत नव्हती, नुसती फुलपाखराकडे पाहत होती. सगळ्या गुबगुबीत, भिवया अशा आखूड की दिव्यावरच्या पतंगाचे पंख कपाळावर चिकटवल्यासारख्या. कपाळ, नाक आणि हनुवटी तेवढी पांढरीफेक रंगवलेली. मला सगळ्यात नवल वाटे ते याचं, की त्यांच्या मागं भिंत नव्हती, अंगाखाली सावली नव्हती आणि पायांखाली जमीनसुद्धा नव्हती. नुसता चहाच्या पाण्यासारखा पिवळसर तपकिरी रंग, आणि त्यात त्या बायका आपापल्या कामात.

मी विचारलं, आपा, यायच्या पायाखाली जमीन काहून नाही?

"मी बी हेच विचारलं होतं," आपा म्हणाल्या. "तं चिनी मावशी म्हणे, खाली पडून राह्यल्या का त्या? नाही ना. मंग असंन जमीन."

तो आल्बम आता नाही. पुढे चीनशी लढाई जुंपली तेव्हा रहमतभाईंनी घाबरून तो बंबात घातला. एका मुसलमान फोटोवाल्याच्या घरात चिनी चित्रं सापडली तर लोक काय म्हणतील, हे त्यांचं भय मला तेव्हा कळलं नव्हतं, आता कळतं. अलीकडे मी नातीला तिच्या फोनवर तसली चित्रं शोधायला लावली. ती बोट फिरवत गेली आणि एकामागून एक तशाच पतंगभिवयांच्या बायका उघडत गेल्या. नात विचारत होती, आजी, तुला हे कसं माहीत? मी तिला काय सांगितलं ते सांगत बसत नाही, कारण तेच इथं लिहिते आहे.

आपा स्वतःही चित्रं काढत. हे त्यांच्या भावालाही अर्धंमुर्धंच ठाऊक होतं. फोटो चिकटवायचे तपकिरी पुठ्ठे येत, त्यांतले कोपरे मोडलेले आपा बाजूला ठेवत आणि दुपारी अंगण निजलं की त्यावर रंगवत. त्यांच्या चित्रांत आमच्या अंगणातल्या बायका असत. नळावर घागरी लावून उभ्या असलेल्या, खाटेवर शेवया वाळत घालणाऱ्या, सुपानं गहू पाखडणारी माझी आई, रजईत कापूस भरून टाके घालणाऱ्या रहमतभाईंच्या घरच्या दोघी. पण त्या बसत, वाकत आणि वळत त्या आल्बममधल्या बायकांसारख्या. रेघ बारीक आणि न तुटणारी. पुठ्ठ्याचा तपकिरी रंग तसाच मोकळा सोडलेला, ना भिंत ना जमीन. एकेक टोक धरून गोधडी पिळणाऱ्या माझ्या आईला आणि आत्याला मी त्या चित्रात ओळखलं, आणि त्याच वेळी रेशीम ताणणाऱ्या त्या दोघीही ओळखल्या. हे दोन्ही एकाच वेळी कसं होऊ शकतं, याचा मी फार दिवस विचार करत होते. दर बाजाराच्या दिवशी सरपणाची मोळी घेऊन एक कोलाम आदिवासी बाई येई. आपांनी तिलाही काढलं होतं, डोक्यावर मोळी आणि मान अशी ताठ की कुठल्या राणीला शोभावी. तिच्या कातडीचा रंग जुळवायला आपांना आठवडा लागला. गुलाबी आणि पांढऱ्याच्या बाटल्या मेजावर भरलेल्या, पण तपकिरी मात्र त्या तीनचार रंग मिसळून, नखावर लावून, उन्हात धरून पाहत. दुकानात सगळ्यांना गोरं करणाऱ्या बाईला स्वतःच्या चित्रात कोणालाच गोरं करायचं नसे. असं का, हे मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, ते काम आहे बेटी, हे माझं आहे.

माझ्यामागून आत्याही त्या खोलीत येऊ लागली. ती दाराशी तांदूळ निवडत बसे आणि आपा तिची रेघ काढून पाहत. आत्याला चित्रांपेक्षा त्यांच्या गोष्टी हव्या असत. आल्बमच्या शेवटच्या घडीवर एक बाई घोड्यावर बसलेली होती, खांद्यावर केसाळ घोंगडी, हातात तंबोऱ्यासारखं वाद्य, आणि ती मागं वळून पाहत होती. तिची गोष्ट आपांनी आम्हा दोघींना सांगितली. चीनच्या एका राजाच्या राणीवशात इतक्या बायका होत्या, की कोणाला भेटावं हे तो चित्रांवरून ठरवी. दरबारी चित्रकार सगळ्यांची चित्रं काढी, आणि सगळ्या जणी त्याला खूश ठेवत. एकीनं मात्र त्याची मनधरणी केली नाही, म्हणून त्यानं चित्रात तिच्या डोळ्याखाली एक तीळ काढला. आपल्याकडे म्हणतात तसंच तिकडेही म्हणत, की डोळ्याखाली तीळ असलेली बाई घर रडवते. राजानं तिला कधी बोलावलंच नाही. पुढे वाळवंटापलीकडच्या एका सरदाराला बायको म्हणून पाठवायला कोणी तरी हवी होती, तेव्हा राजानं चित्रावर बोट ठेवलं, हिला द्या. ती निरोप घ्यायला समोर आली तेव्हा त्याला कळलं, की एवढी देखणी बाई दुसरी कोणी नव्हती. पण शब्द दिला होता. ती घोड्यावर बसून गेली.

मी विचारलं, मग चित्रकाराचं काय झालं? आपांनी गळ्यावरून बोट फिरवून दाखवलं. आत्याचं त्याकडे लक्ष नव्हतं. ती घोड्यावरच्या बाईकडे पाहत होती. तिनं विचारलं, हिला राजाकडेच राहायचं होतं, हे कशावरून? आपा म्हणाल्या, गोष्टीत तं तसंच आहे. आत्या म्हणाली, गोष्ट राजाच्या लोकांनी सांगितली असेल. हिच्या तोंडावरून तर मला काही ती रडत आहे असं दिसत नाही. मग आम्ही तिघींनी ते चित्र खिडकीशी नेऊन पुष्कळ वेळ पाहिलं, आणि कोणालाच नक्की सांगता आलं नाही.

त्याच हिवाळ्यात आत्यासाठी स्थळ आलं. बाबांच्या कचेरीतल्या नाझरांनी सुचवलेलं, वर्ध्याचं. मुलगा पोस्टात नोकरीला, निर्व्यसनी, घरी आई आणि एक मामा. त्यांनी आधी फोटो मागवला होता. बाबांनी आत्याला आईची जांभळी साडी नेसवून दुकानात नेलं, फोटो काढवला, आणि रहमतभाईंना सांगितलं की नेहमीसारखा रंगवून थेट कचेरीत आणून द्या, नाझर सोमवारी वर्ध्याला जाणार आहेत. त्या दुपारी मी आपांच्या खोलीत आल्बम उघडून बसले होते. आत्या आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "आपा, फोटोत माझ्या डोळ्याखाली तीळ काढून द्या."

आपांनी कुंचला पाण्यात ठेवला. "कायले?"

"पाहुण्यांनी नाही म्हणावं म्हणून."

मुलगा वाईट आहे का, असं आपांनी विचारलं. आत्या म्हणाली, पाहिलाच नाही तर वाईट कसा म्हणू, चांगलाही असेल. तिला अमरावतीला जाऊन शिक्षिकेचं ट्रेनिंग करायचं होतं. लग्न नको असं ती म्हणतच नव्हती, आधी ट्रेनिंग एवढंच म्हणत होती. बाबांना तिनं दोनदा सांगितलं होतं. बाबांचं म्हणणं, ट्रेनिंग थांबतं, स्थळ थांबत नाही. आपा म्हणाल्या, तिसऱ्यांदा सांग.

"तिसऱ्यांदाही सांगतलं," आत्या म्हणाली. "त्यायनं पुरं ऐकून घेतलं, अन् मग मले फोटो काढाले घेऊन आले."

आपांनी कुंचला पुन्हा उचलला. मग म्हणाल्या, की अशानं भावाच्या दुकानाचं नाव जाईल आणि तुझा भाऊ माझं डोकं उडवील, तू घरी जा. आत्या गेली. मी तिथंच होते. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर मला फक्त उत्सुकता होती. एवढासा ठिपका वर्ध्याच्या माणसांना अडवू शकेल का? बी पेरून त्याच्यापाशी बसून राहावं तशी मी दुसऱ्या दिवशी शाळेतून थेट आपांच्या खोलीत गेले. आत्याचा फोटो दोरीवर वाळत होता. गाल गुलाबी, साडी जांभळी, आणि डाव्या डोळ्याखाली तिळाएवढा तीळ, असा सहज की जन्मापासूनचा वाटावा. आपा दुसऱ्याच कोणाच्या तरी साडीचे काठ रंगवत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

रहमतभाई तो फोटो खाकी लिफाफ्यात घालून कचेरीत देऊन आले. त्यांनी आत्याच्या तोंडाकडे कधी डोळे वर करून पाहिलेलं नव्हतं, आणि कॅमेऱ्याच्या काचेत तर माणूस उलटंच दिसतं; त्यांना वाटलं, असेल तिला तीळ. नाझर निघायच्या घाईत होते, बाबांनी लिफाफा तसाच त्यांच्या हाती दिला. आणि पंधरवड्यानं निरोप आला, की मंडळी रविवारी मुलगी पाहायला येत आहेत. आत्यानं ते ऐकलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले आणि भाकरी काठावर फाटली.

रविवारी आईनं आलुपोहे केले, दाण्याचे लाडू केले. अंगण शेणानं सारवलं. बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली. मुलाची आई ठेंगणी, डोळे बारीक करून पाहणारी. मामा सारखा पंच्यानं मान पुसत होता. मुलगा खरंच चांगला होता. त्यानं माझ्या भावाला मांडीवर घेतलं आणि मला कितवीत आहेस ते विचारलं. आत्या पोहे घेऊन आली, ठेवून बसली. मुलाच्या आईनं तिला जवळ बोलावलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं. मग पदराचं टोक ओठांनी ओलं करून तिच्या डाव्या डोळ्याखाली पुसलं. पदराकडे पाहिलं. पुन्हा पुसलं. त्यांनी पिशवीतून फोटो काढून मामाच्या हाती दिला, मामानं तो बाबांच्या हाती दिला, आणि बाबांनी तो त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

मुलाची आई म्हणाली, की तीळ आहे म्हणून आम्ही नाहीच म्हणणार होतो, पण मुलगा म्हणाला समक्ष पाहू. आता हे काय समजायचं? फोटो एकीचा पाठवायचा, दाखवायची दुसरी, आणि बोहल्यावर उभी करायची तिसरी? बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. ते बोलायला गेले, पण काय बोलावं हे त्यांना कळेना, कारण तो तीळ कुठून आला हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मामा म्हणाला, कचेरीतला माणूस म्हणून आम्ही भरवसा ठेवला. बाबांचे कान लाल झालेले मी पाहिले. आजवर त्यांना कोणी खोटं म्हटलेलं नव्हतं.

तेव्हा आत्या बोलली. बघायला आलेल्यांसमोर मुलीनं आपण होऊन बोलायचं नसतं, पण ती बोलली. "फोटो माझाच आहे. तीळ मी काढाले लावला. दादाले माहीत नाही."

"कायले?" मुलाच्या आईनं विचारलं.

"तुम्ही नाही म्हणावं म्हणून. मले आधी ट्रेनिंग करायचं आहे."

मुलगा एवढा वेळ खाली पाहत होता. त्यानं मान वर केली आणि शांतपणे म्हणाला, की असं होतं तर एक पत्र टाकायचं होतं, आम्ही आलोच नसतो. आत्या म्हणाली, "मले कोण पत्र टाकू देते?" त्यानं माझ्या भावाला मांडीवरून उतरवून आईकडे दिलं, समोरचा चहा संपवला, आणि सगळी मंडळी उठली. पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या. दाराशी मुलाच्या आईनं वळून आत्याकडे पाहिलं. रागानं नाही, मी आल्बममधल्या बायकांकडे पाहत असे तसं काहीसं, कळत नाही म्हणून. मला त्या बाईचं ते पाहणं अजून आठवतं.

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी ते अंगण ओलांडून गेले आणि आपांच्या दाराबाहेर उभे राहिले. आतला पडदा सोडलेला होता. मी आमच्या दारातून ऐकत होते, आणि आईही ऐकत होती, तिनं मला आत ओढलं नाही. बाबांनी विचारलं, पोरीनं सांगितलं म्हणून तुम्ही ऐकलं कसं, तुम्ही मोठ्या ना?

आपा पडद्याआडून म्हणाल्या, "भाऊ, इतकी वर्षं बाप लोक सांगतात पोरीले गोरी करा, वण मिटवा, नाक सरळ करा. मी करते. ते खोटं, असं मले कोणी म्हटलं नाही. पहिल्यांदा एका पोरीनं आपल्या तोंडाचं आपण सांगतलं. माझ्यानं नाही म्हणवलं नाही."

"ते मले समजते," बाबा म्हणाले. "पण माझ्या घरात बसून लोक मले लबाड म्हणून गेले, आपा. ते तुम्ही नाही ऐकलं."

पडद्याखाली आपांची पावलं जवळ आली. मग म्हणाल्या, "ते चुकलं माझं." बाबा परत आले. त्यांनी आत्याला एका शब्दानं विचारलं नाही. पण ते तिच्याशी बोलेनासे झाले, आणि रागावण्यापेक्षा ते वाईट होतं. पाणी हवं असलं तर आईला सांगत, आत्याचा हात तांब्यापर्यंत पोचलेला असतानाही. आत्याला आपांकडे जायची बंदी झाली, मलाही. जीनचा भोंगा होई, कापूस उडे, गोळाभाताची ताटली मात्र जात नव्हती. मी अंगणातून आपांच्या खिडकीकडे पाहत असे. त्या मेजाशी वाकलेल्या दिसत, आणि नखावर काहीतरी लावून पुन्हा पुन्हा उजेडात धरत. मला कळे की त्या तपकिरी जुळवत आहेत. कोणासाठी, ते कळत नसे.

एका संध्याकाळी, बाबा नुकतेच कचेरीतून येऊन खाटेवर टेकले होते, तेव्हा आपा स्वतः अंगण ओलांडून आमच्या दारात आल्या. डोक्यावरून ओढणी घट्ट घेतलेली. बाबा घरी असताना त्या कधी आल्या नव्हत्या. बाबा उठून उभे राहिले. आपांनी एक पुठ्ठा पालथा खाटेवर ठेवला आणि म्हणाल्या, "हे बिनतिळाचं आहे, भाऊ." एवढं बोलून त्या तिथंच दाराला टेकून उभ्या राहिल्या.

बाबांनी पुठ्ठा उलटला. मी त्यांच्या कोपराखालून डोकं घातलं. आत्या होती. एक गुडघा उभा करून, मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली, मान थोडी वळलेली, कोणी हाक मारली असावी आणि ती बघावं की नाही या विचारात असावी अशी. खाली जमीन नाही, मागं भिंत नाही. पदराची रेघ खांद्यावरून निघून पार पावलापर्यंत एका श्वासात आलेली. आणि तिचं तोंड आत्याचं होतं तसंच सावळं, गालाचं हाड वर आलेलं, नाकाला मधेच ती थोडी उंच गाठ. फोटोत हे सगळं काचेवरच मिटलं होतं.

बाबा चित्र घेऊन दारातल्या उजेडात गेले. त्यांनी ते जवळ धरून पाहिलं, मग लांब धरून. मग त्यांनी विचारलं, "आपा, तुम्ही आमच्या मायले कधी पाह्यलं होतं?"

"नाही भाऊ," आपा म्हणाल्या. "मी तं वच्छीले पाह्यलं."

आमच्या आजीचा फोटो नव्हता. त्या काळी खेड्यातल्या बाईचा फोटो कोण काढणार? ती गेली तेव्हा बाबा कळते होते आणि आत्या दुधावर होती. एवढी वर्षं आत्या आमच्यासमोर बसत होती, उठत होती, तांदूळ निवडत होती, आणि बाबांना ते दिसलं नव्हतं. चित्रात दिसलं. का, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. रोजच्या माणसाच्या मागची भिंत आणि पायाखालची जमीन काढून घेतली की मागचं कोणी पुढं येत असेल का, असं कधीकधी वाटतं, पण ते माझं आपलं म्हणणं.

आत्या आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर आलेली होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि कितीतरी दिवसांनी तिला हाक मारली, "वच्छे, इकडे ये." ती आली. बाबांनी चित्र तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "ही पाह्य माय."

आत्यानं चित्राकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग पुन्हा चित्राकडे. स्वतःच्या नाकाला तिनं नकळत बोट लावलं. "अशी होती?"

"अशीच. अशीच बसे, एक गुडघा वर करून."

अमरावतीची गोष्ट निघायला अजून काही दिवस होते. जूनमध्ये बाबाच रजा काढून तिला एसटीनं सोडून आले. पुढे ती घाटंजीच्या शाळेत लागली, लग्न तिनं तिथल्याच एका मास्तरांशी, स्वतः पसंत करून केलं, आणि आपा त्या लग्नाला आल्या. पण त्या संध्याकाळी यातलं कोणाला काहीच माहीत नव्हतं. आई दिवा लावायला विसरली होती. आपांना कोणी तरी पाट दिला आणि त्या बसल्या. आत्या चित्र मांडीवर घेऊन बाबांच्या पायाशी जमिनीवर बसली.

"अजून सांग," ती म्हणाली. "बोलायची कशी?"

आणि बाबा सांगू लागले.